सिंगापूर ते लुआंग प्रबांग, एकटीने आणि रेल्वेने: सगळं सविस्तर

मागच्या वर्षीपासून ऑफिसातल्या, बिल्डिंगमधल्या, मैत्रिणींच्या मैत्रिणी अशा कितीतरी जणींनी मला विचारलंय की तू एकटी ट्रेनने चार देश कशी फिरलीस, खर्च किती आला, भीती नाही वाटली का, आणि प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून शेवटी ठरवलं की एकदा नीट बसून सगळं लिहून काढायचं. म्हणून हे. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

मार्ग असा: मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथून पुढे सगळं रुळांवरून. मलेशियातलं जोहोर बाहरू, क्वालालंपूर, पेनांग, मग सीमा ओलांडून थायलंडचं हाट याई, बँकॉक, तिथून लाओसची राजधानी व्हिएन्टिएन, आणि शेवट लुआंग प्रबांग. साधारण पावणेतीन हजार किलोमीटर. परत बँकॉकला येऊन मुंबईचं विमान. मला चोवीस दिवस लागले, आणि त्याहून कमी दिवसांत करू नका असं मी मनापासून सांगेन, तेवढी सुट्टी नसेल तर लाओस सोडून द्या आणि सिंगापूर ते बँकॉक एवढंच पंधरा दिवसांत निवांत करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. या प्रवासात गाडीत बसल्यावर काही बिघडत नाही. गाड्या चांगल्या आहेत, स्वच्छ आहेत, सीट तुमच्या नावाची आहे. बिघडतं ते दोन गाड्यांच्या मधे, म्हणजे जिथे एक देश संपतो आणि दुसरा सुरू होतो, एक रेल्वे कंपनी संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे. आपल्याकडे जुन्या स्टेशनांवर सांधेवाला असायचा ना, गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारा, तसे या मार्गावर चार सांधे आहेत आणि तिथे सांधेवाल्याचं काम तुम्हालाच करायचंय. प्लॅनिंगचा निम्म्याहून जास्त वेळ त्या चार सांध्यांवर घालवा, बाकीचं आपोआप जमतं.

कधी जायचं

संक्रांतीचा तीळगूळ खाऊन निघा आणि होळीच्या आत घरी या, हा माझा हिशोब. कारण सांगते. सगळीकडे लिहिलेलं असतं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन, ते बँकॉक आणि लाओससाठी खरंय, पण दक्षिण थायलंडच्या पूर्वेकडच्या बाजूला पावसाचा जोर नोव्हेंबर-डिसेंबरात असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाट याई शहर पुराने बुडालं होतं, आणि आपला रेल्वेमार्ग नेमका त्याच शहरातून जातो. दुसरीकडे फेब्रुवारी संपत आला की उत्तर लाओसमध्ये शेतं जाळायला सुरुवात होते आणि मार्च-एप्रिलमध्ये लुआंग प्रबांगला डोंगर दिसत नाहीत इतका धूर असतो, दमा वगैरे असेल तर अजिबात जाऊ नका. मधे उरतो जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. त्यात चिनी नववर्ष येतं, ती तारीख दरवर्षी बदलते, ती आधी बघा, कारण त्या आठवड्यात मलेशियात आणि लाओसच्या गाड्यांत जागा मिळणं मुश्किल. थायलंडचं सोंगक्रान १३ ते १५ एप्रिलला, तेव्हा अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्या गणपतीतल्या कोकण गाड्या आठवा.

कागदपत्रं

इथे नियम सारखे बदलतात, म्हणून मी काय केलं ते सांगते, पण तिकीट काढायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः बघा, कोणाच्या व्हिडिओवर विसंबू नका. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत होतो, मुंबई-पुण्यात असे एजंट भरपूर आहेत. मी गेले तेव्हा मलेशिया आणि थायलंडला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नव्हता, पण ही सवलत सरकारच्या मर्जीवर असते. लाओसला लागतो. ऑनलाइन ई-व्हिसा काढता येतो पण तो प्रत्येक नाक्यावर चालत नाही, अर्ज करताना कुठून आत शिरणार ते विचारतात आणि तिथल्या यादीत तुमचा नाका आहे ना हे नीट वाचा.

व्हिसाशिवाय ऑनलाइन अरायव्हल कार्ड हा वेगळा प्रकार आहे. सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिघांचीही आहेत, तिन्ही फुकट आहेत, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची. पैसे मागणारी साइट उघडली तर समजा की ती सरकारी नाही, बंद करा. मी फोनमध्ये आठवण लावून ठेवली होती, प्रत्येक सीमेच्या दोन दिवस आधी सकाळी.

आणि एक बारीक नियम जो मला खूप उशिरा कळला: थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जमिनीवरून एका कॅलेंडर वर्षात दोनदाच शिरता येतं. आपल्या या मार्गात आपण थायलंडमध्ये जमिनीवरून बरोब्बर दोनदा शिरतो, एकदा मलेशियाकडून आणि एकदा लाओसकडून परत येताना. म्हणजे त्याच वर्षी आधी जमिनीवरून जाऊन आला असाल तर लाओसहून परतताना विमान धरा, विमानतळावर ती मर्यादा नाही.

पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड, तीन-चार पानं पूर्ण कोरी, सगळ्या हॉटेल-तिकिटांचे कागदी प्रिंट एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. हो, कागदी. मलेशिया-थायलंड सीमेवरच्या पाडांग बेसारला थाई ऑफिसरने पुढचं तिकीट मागितलं आणि त्या क्षणी माझ्या फोनला रेंज नव्हती, कागद काढून दिला, शिक्का बसला.

दिवस कसे वाटायचे

सिंगापूर दोन रात्री (महाग आहे, जास्त नको), क्वालालंपूर तीन, पेनांग चार, एक रात्र गाडीत, बँकॉक चार, एक रात्र गाडीत, व्हिएन्टिएन एक, लुआंग प्रबांग चार, परतीच्या वाटेवरचं व्हांग व्हिएंग दोन, परत बँकॉक रात्रगाडीने, आणि विमानाच्या आधी एक मोकळा दिवस. यात दोन कडक नियम आहेत. एका दिवसात एकच सीमा. आणि लागोपाठ दोन रात्री गाडीत नाही. वीस-बावीस वर्षांचे असाल तर हसाल याला, पण एकटं फिरताना थकलेलं डोकं हाच सगळ्यात मोठा धोका असतो, पाकीट विसरणं, चुकीच्या रिक्षात बसणं, फालतू कारणावरून रडू येणं, हे सगळं झोप न झाल्यावरच होतं.

तिकिटं कुठली आधी, कुठली नंतर

सगळी एकदम काढू नका. तीन तिकिटं आधी काढायची: सिंगापूर-जोहोर बाहरू शटल, हाट याई किंवा पाडांग बेसार ते बँकॉक स्लीपर, आणि बँकॉक ते व्हिएन्टिएन स्लीपर. ही भरतात. थाई रेल्वेची स्वतःची साइट आहे, कधी कधी भारतीय कार्ड घेत नाही, मग थोडे जास्त पैसे देऊन तिकीट काढून देणाऱ्या साइट आहेत किंवा तिथे गेल्यावर कुठल्याही मोठ्या स्टेशनच्या खिडकीवर. तिथे आपल्यासारखं वेटिंग किंवा आरएसी नसतं, मिळाला तर बर्थ मिळाला, नाहीतर नाही, म्हणून लोअर बर्थ दिसला की घेऊन टाका. लोअर थोडा महाग पण रुंद, आणि खिडकी तुमची. मलेशियाची तिकिटं केटीएमबीच्या, म्हणजे तिथल्या रेल्वेच्या, अ‍ॅपवर आठवडाभर आधी पुरतात, फक्त शनिवार-रविवार टाळा. लाओसच्या गाडीचं बुकिंग फार आधी उघडतच नाही, त्यामुळे आत्तापासून टेन्शन घेऊ नका.

बॅग

चाळीस लिटरची एकच, आठ किलोच्या आत, आणि पोटाशी धरायला छोटी झोळी. चाकाची बॅग नको, कारण पेनांगच्या फेरीपासून थायलंड-लाओस सीमेवरच्या नाँग खायच्या प्लॅटफॉर्मपर्यंत सगळीकडे उचलाउचली आहे. कपडे चार दिवसांचे, लाँड्री जागोजागी मिळते. एक जाड शाल घ्याच. थाई रात्रगाडीतला एसी इतका गार असतो की ते देतात ते पांघरूण पुरत नाही.

खाऊबद्दल एक महत्त्वाचं. आई-मावशी-सासूबाई डबे भरून देतात, ते घ्या, धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सगळं उपयोगी पडतं. पण सिंगापूरमध्ये खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते, अमली पदार्थांच्या कायद्यात. म्हणजे अनारसे, खसखस घातलेले लाडू, खसखशीचा मसाला, काहीही नाही. माझ्या आईने प्रेमाने अनारसे केले होते आणि मी ते घरीच ठेवून निघाले तेव्हा तिचा चेहरा पडला, पण तिला कारण सांगितल्यावर तिनेच डबा परत आत नेला. च्युइंगगमही नको. व्हेप तर बॅगेत चुकूनही नको, सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंदी आहे.

पैसे आणि फोन

फॉरेक्स कार्ड एक, नेहमीचं बँकेचं कार्ड एक, दोन्ही वेगवेगळ्या जागी. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाटच्या वर चार्ज कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन विचारेल की रुपयांत कापू का, नाही म्हणा, तिथल्या चलनातच कापू द्या, रुपयांचा रेट तुमच्या तोट्याचा असतो. लाओससाठी थोडे अमेरिकन डॉलर, नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या, जुन्या नोटा नाकारतात. आणि लाओसचे किप तिथेच संपवून या, बाहेर ते कोणी बदलून देत नाही.

फोनमध्ये तीन-चार देशांना चालणारं ई-सिम टाकलं, पण भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघायच्या आधी रोमिंगवर एसएमएस येतात ना हे आपल्या कंपनीकडून पक्कं करून घ्या.

पहिला सांधा: वुडलँड्स

पूर्वी मलेशियाच्या गाड्या थेट सिंगापूर शहरात तांजोंग पगार स्टेशनापर्यंत यायच्या, ३० जून २०११ ला ते बंद झालं. आता सिंगापूरच्या उत्तर टोकाला वुडलँड्स नाक्यावरून शटल तेब्राऊ नावाची छोटी गाडी सुटते आणि समुद्रावरचा कॉजवे ओलांडून पाच मिनिटांत जोहोर बाहरूला पोचवते. पाच मिनिटं! सिंगापूरचा एक्झिट आणि मलेशियाची एंट्री, दोन्ही शिक्के वुडलँड्सलाच होतात, त्यामुळे उतरल्यावर सरळ बाहेर. तिकीट सिंगापूरहून जाताना पाच सिंगापूर डॉलर आणि उलट येताना पाच रिंगिट, म्हणजे तिकडून येणं कितीतरी स्वस्त. सकाळ-संध्याकाळ नोकरीवाल्यांची गर्दी असते म्हणून दुपारची गाडी घ्या आणि गेट लवकर बंद होतं, अर्धा-पाऊण तास आधी पोचा. तिकीट नाहीच मिळालं तर बस आहे, रांग मोठी पण अडकून पडणार नाही. या टप्प्यावर मेट्रोसारखी नवी लाइन बांधतायत, ती सुरू झाली की ही शटल बंद करायचं ठरलंय, तेव्हा जाण्याआधी चेक करा.

जोहोर बाहरूहून क्वालालंपूरला २०२५ च्या अखेरीपासून थेट विजेची ईटीएस गाडी सुरू झाली, आधी गेमासला गाडी बदलायला लागायची. शटल आणि ईटीएसच्या मधे निदान तीन तास ठेवा.

मलेशिया, भरभर

इथे काही चुकत नाही हो. क्वालालंपूरला केएल सेंट्रल स्टेशनाजवळच्या ब्रिकफील्ड्समध्ये राहा, इडली-डोशापासून केळीच्या पानावरच्या जेवणापर्यंत सगळं पायाखाली, बटू केव्ह्जला लोकल ट्रेन थेट जाते. तिथून बटरवर्थला ईटीएसने चार-सव्वाचार तास, स्टेशनातून चालत फेरीच्या धक्क्यावर, आणि फेरीने समुद्र ओलांडून पेनांग बेटावरचं जॉर्ज टाउन. या गावाला २००८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, आणि मी चार रात्री सांगितल्यात त्या कमी करू नका. शाकाहारी असाल तर पुढच्या थायलंडसाठी इथेच पोटभर खाऊन घ्या, रोटी चनाय आणि डाळ.

दुसरा सांधा: पाडांग बेसार

हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवा. बटरवर्थहून लोकल गाडी, कोम्युटर म्हणतात, सुमारे दोन तासांत पाडांग बेसारला नेते, रिझर्व्हेशन नाही, तिकीट किरकोळ. स्टेशन एकच, मलेशियात, पण त्याच इमारतीत दोन्ही देशांचे इमिग्रेशन काउंटर आहेत. मलेशियाच्या खिडकीवर एक्झिटचा शिक्का, पुढे पाच-दहा पावलांवर थायलंडच्या खिडकीवर एंट्रीचा, आणि मग थाई गाडी. दोन्ही शिक्के बसले ना हे खिडकी सोडायच्या आधी पासपोर्ट उघडून बघा.

आता फसवं काय. मलेशियाची वेळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. थाई तिकिटावर थाई वेळ, मलेशियाच्या तिकिटावर मलेशियाची वेळ, आणि स्टेशन तर एकच. त्यात फोन कधी या देशाचा टॉवर पकडतो कधी त्या, त्यामुळे घड्याळ मागे-पुढे होतं. मी वरच्या मजल्यावर कँटीनमध्ये बसले होते, समोरच्या टेबलावर एक कोरियन मुलगी, माझ्याएवढीच बॅग, थाई बाजूने आलेली, अगदी निवांत नूडल्स खात होती. तिने मला विचारलं की क्वालालंपूरची गाडी इथूनच ना, मी तिकीट बघितलं, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. गाडी वीस मिनिटांपूर्वी गेली होती. तिचं मनगटी घड्याळ अजून थाई वेळेवर होतं. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि काही न बोलता कितीतरी वेळ नुसती वाडग्याकडे बघत राहिली. आम्ही मग खिडकीवर गेलो, पुढच्या ईटीएसला जागा नव्हती, शेवटी ती बटरवर्थच्या कोम्युटरने गेली आणि तिकिटाचे पैसे बुडाले. म्हणून सांगते, उत्तरेला जाताना तुम्हाला एक तास मिळतो, दक्षिणेला येताना एक तास जातो. कागदावर प्रत्येक गाडीपुढे दोन्ही वेळा लिहा, थाई आणि मलेशियन, आणि फोनचं ऑटोमॅटिक टाइम त्या दिवसापुरतं बंद करा.

पाडांग बेसारहून बँकॉकची थेट रात्रगाडी दिवसाला एकच. तिच्यात जागा नसेल तर छोट्या गाडीने हाट याईला या, तासाभराच्या आत, आणि तिथून बँकॉकच्या रात्रगाड्यांना जास्त पर्याय. नकाशावर अजून एक सीमा दिसेल, पूर्व किनाऱ्याला सुंगाई कोलोककडची, ती घेऊ नका. त्या भागात यला, पट्टानी, नराथिवात या प्रांतांत अनेक वर्षं बॉम्बस्फोट आणि हल्ले होतायत आणि बऱ्याच ट्रॅव्हल इन्शुरन्स पॉलिसी तिथे लागू होत नाहीत.

थाई रात्रगाडी

हिच्यासाठी तरी जा. सेकंड क्लास एसी स्लीपरमध्ये आपल्यासारखे आडवे-उभे कप्पे नसतात, डब्याच्या दोन्ही बाजूंना फक्त साइड लोअर आणि साइड अप्पर अशी कल्पना करा, मधून चालायची वाट. संध्याकाळी समोरासमोरच्या दोन सीट. मग अटेंडंट येतो, आमच्या डब्यात पन्नाशीचे एक काका होते, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, त्यांनी किल्लीने वरचा बर्थ उघडला, दोन सीट ओढून एकमेकींना जोडल्या, आतून गादी काढली, पांढरी चादर एका झटक्यात अंथरून चारी कोपरे गादीखाली खोचले, उशी, पांघरूण, पडदा लावला, आणि पुढच्या सीटकडे. दोन मिनिटंसुद्धा नाही. पडदा ओढला की तुमची छोटीशी खोली. वर नंबर, पायाशी दिवा. लाइट रात्रभर चालू असतो, वरच्या बर्थला जास्त लागतो, डोळ्यांवर पट्टी ठेवा.

बॅग वाटेच्या कडेच्या रॅकवर जाते, साखळी-कुलूप आपलं नेहमीचं लावा, पासपोर्ट-पैसे उशीच्या आत. दारूला गाडीत बंदी आहे, त्यामुळे वातावरण शांत असतं. काही गाड्यांत बायका आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो, बुकिंग करताना दिसला तर जरूर घ्या, मला मिळाला नव्हता पण साध्या डब्यातही कोणी त्रास दिला नाही. जेवण फेरीवाले आणतात पण शाकाहारी काही मिळेल याची खात्री नाही, कारण भाजीतसुद्धा फिश सॉस असतो. मी हाट याईहून केळी, शेंगदाणे आणि चिकट भात घेतला आणि आईचं मेतकूट लावून खाल्लं. थायलंडमध्ये एक शब्द पाठ करा, "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मांस-मासे-अंडी काहीच नाही, कांदा-लसूणही नाही.

पहाटे पडदा बाजूला केला तर रबराच्या बागा मागे गेलेल्या आणि सपाट भातशेती सुरू झालेली. मीटरगेज आहे ही लाइन, आपल्या अकोला-पूर्णा बाजूला जशी होती तशी, गाडी डुलत डुलत जाते, घाई नाही तिला. आणि उशीर होतोच, एक-दोन तास धरून चाला.

बँकॉक

जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या टर्मिनलवरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगवरून नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "ट्रेन स्टेशन" म्हणाल तर काहीजण अजून जुन्याकडे नेतात. नव्या टर्मिनलखाली मेट्रो आहे, स्टेशनचं नाव बांग सू, मेट्रोनेच या. टर्मिनल प्रचंड मोठं आहे, तासभर आधी पोचा.

बँकॉकच्या चार दिवसांतला एक दिवस कांचनाबुरीला द्या. थोनबुरी स्टेशनवरून साधी, पंख्याची, लाकडी खिडक्यांची गाडी जाते. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी युद्धकैदी आणि आशियाई मजूर राबवून ब्रह्मदेशापर्यंत ४१५ किलोमीटरची लाइन टाकली, त्याच लाइनचा हा उरलेला तुकडा. गावातल्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार युद्धकैद्यांच्या कबरी आहेत, हिरवळ राखलेली, बहुतेकांवर नाव आणि वय. पण त्या कामावर मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ मजूरही मेले, आपल्याच देशातून गेलेली माणसं, त्यांच्या नावांचे दगड तिथे नाहीत. मी पेनांगला ज्यांच्या हातची रोटी खाल्ली त्यांचे आजे-पणजे असतील त्यात कोणी, हे मनात आलं आणि मग त्या लाइनवरच्या क्वाय नदीच्या पुलावर फोटो काढावासा वाटला नाही.

तिसरा सांधा: नाँग खाय ते व्हिएन्टिएन

जुलै २०२४ पासून बँकॉकहून व्हिएन्टिएनच्या खामसावात स्टेशनापर्यंत थेट रात्रगाडी जाते. रात्री बसायचं, सकाळी नाँग खायला सगळ्यांना उतरवतात, थायलंडच्या एक्झिटचा शिक्का घ्यायचा, परत गाडीत. सामान बरोबर घेऊनच उतरा, मागे ठेवू नका. मग गाडी मेकाँगवरच्या मैत्री पुलावरून जाते. हा पूल १९९४ चा, आणि रूळ रस्त्याच्या मधोमध आहेत, गाडी जायची तेव्हा दोन्हीकडची वाहनं थांबवतात. या वेळी खिडकीशीच राहा. लाओसचं इमिग्रेशन खामसावातला, रांग लांब, व्हिसाची तयारी नीट असेल तर तासाभरात बाहेर.

थेट गाडीत जागा नसेल तर नाँग खायपर्यंतच्या दुसऱ्या रात्रगाडीने या आणि पूल बसने ओलांडा. चांगला पर्याय आहे.

चौथा सांधा, जो नकाशात दिसत नाही

व्हिएन्टिएनमध्ये दोन रेल्वे स्टेशनं आहेत आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत. तुम्ही उतरता ते खामसावात, थाई मीटरगेजचं. लुआंग प्रबांगची गाडी सुटते ते लाओस-चीन रेल्वेचं स्टेशन, स्टँडर्ड गेजचं, शहराबाहेर लांब. बरेच लोक सकाळी उतरून दुपारची गाडी बुक करतात आणि थाई गाडी लेट झाली की सगळं कोसळतं. म्हणून मी वर व्हिएन्टिएनला एक रात्र लिहिलीय. ती वाया जात नाही. कोप संस्थेचं छोटं प्रदर्शन आहे, अमेरिकेने टाकलेल्या आणि न फुटलेल्या बॉम्बमुळे हातपाय गेलेल्या लोकांना ते कृत्रिम अवयव बसवून देतात, ते बघा आणि मग लाओसमध्ये पायवाट सोडून रानात का जायचं नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. संध्याकाळी मेकाँगच्या काठावर.

लाओस-चीन रेल्वे ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. लाओसमधला भाग ४२२ किलोमीटर, त्यात ७५ बोगदे आणि १६७ पूल. पूर्वी रस्त्याने लुआंग प्रबांगला जायला अख्खा दिवस जायचा, आता दोन तासांच्या आत. तिकीट त्यांच्या अ‍ॅपवर किंवा शहरातल्या खिडकीवर, पासपोर्ट लागतोच. स्टेशनला तासभर आधी पोचा, कारण सिक्युरिटी विमानतळासारखी आहे, आणि इथे डिओ स्प्रे, डास मारायचा स्प्रे, छोटी कात्री, चाकू, सगळं काढून घेतात. माझी फळं कापायची सुरी गेली, दहा वर्षं जुनी होती. गेट गाडीच्या काही मिनिटं आधी बंद, एक सेकंदही थांबत नाहीत. उतरल्यावर लुआंग प्रबांग स्टेशनही गावापासून लांब, बाहेर शेअर व्हॅन उभ्या असतात, आधी भाव विचारून बसा. शहरात फिरायला लोका नावाचं टॅक्सी अ‍ॅप आहे.

एकटीने, म्हणजे नक्की काय

रोज रात्री एक मेसेज घरी: आज कुठे आहे, उद्या कुठली गाडी, कुठलं हॉस्टेल. तीन ओळी. आईला आणि एका मैत्रिणीला, दोघींना, कारण आई घाबरली तरी मैत्रीण फोन लावू शकते. नव्या गावात अंधार पडल्यावर पोचायचं नाही, तिकीट काढताना पोचायची वेळ बघा, सुटायची नंतर. हॉस्टेलची पहिली रात्र नेहमी आधी बुक आणि स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. फक्त बायकांची डॉर्म सगळीकडे मिळते, सिंगापूर सोडलं तर साधारण हजार-दीड हजार रुपयांत. पासपोर्टचे फोटो ईमेलमध्ये, आणि प्रत्येक देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून त्याच प्लास्टिक फोल्डरमध्ये.

भीतीचं विचारता म्हणून खरं सांगते. पहिल्या तीन दिवसांत वाटली, सिंगापूरला हॉस्टेलच्या बर्थवर पडून विचार करत होते की कशाला आले. चौथ्या दिवसापासून डोकं पुढच्या गाडीत गुंतलं. एकटेपणा रात्रगाडीत नाही जाणवत, तो जेवताना जाणवतो, त्याला उपाय म्हणजे बाजारातली लांब टेबलं, जिथे कोणीही कोणाशेजारी बसतं.

परतताना

लुआंग प्रबांगहून येताना व्हांग व्हिएंगला उतरा, दोन रात्री, मग व्हिएन्टिएन, आणि खामसावातहून बँकॉकची रात्रगाडी. दोन्ही स्टेशनांमधे इथेही निदान पाच तास ठेवा. नाँग खायला थायलंडची दुसरी एंट्री, अरायव्हल कार्ड परत भरायचं, जुनं चालत नाही. सकाळी क्रुंग थेप अफिवातला पोचाल. त्याच दिवशीचं विमान घेऊ नका. विमान डॉन मुआंगवरून असेल तर याच टर्मिनलमधून लाल लाइनची लोकल थेट विमानतळाच्या दारात जाते, म्हणून जवळच बांग सूला हॉटेल घ्या, सुवर्णभूमीवरून असेल तर मेट्रोने मक्कासानच्या बाजूला राहा आणि तिथून एअरपोर्टची ट्रेन धरा.